तक्रार कोणाची, सांत्वन कोणाचे? : मिझोगुचींच्या 'उगेत्सु मोनोगातारी' या चित्रपटातील रूपांतराचा विचार

गोषवारा

केंजी मिझोगुची यांचा 'उगेत्सु मोनोगातारी' (१९५३) हा चित्रपट उएदा आकिनारी यांच्या त्याच नावाच्या अठराव्या शतकातील कथासंग्रहावर आधारलेला आहे. संग्रहातील दोन कथा आणि मोपासाँची एक फ्रेंच कथा यांतून त्याची पटकथा सिद्ध झाली. मूळ कथेतील मृत पत्नीची तक्रार चित्रपटात तिच्या मुखातून काढून घेतली गेली असून ती अन्य दोन स्त्रीपात्रांकडे सोपविण्यात आली आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या फेरवाटणीमुळे चित्रपटाचा शेवट सांत्वनपर वाटतो. परंतु कॅमेऱ्याची गती त्या सांत्वनाला पूर्ण संमती देत नाही, हे दृश्यविश्लेषणाच्या आधारे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : रूपांतर, अद्भुत, करुण, युद्ध, स्त्रीपात्रे, जपानी चित्रपट

१. प्रास्ताविक

साहित्यकृतीवरून चित्रपट तयार झाला की चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते. दिग्दर्शकाने मूळ कृतीशी इमान राखले की नाही, हा तो प्रश्न होय. आपल्याकडील वर्गाध्यापनातही 'कादंबरीत काय होते आणि चित्रपटात काय गाळले' अशी दोन रकान्यांची तुलना पुष्कळदा केली जाते. ही तुलना निरुपयोगी नाही. मात्र ती पुरेशी नाही. काय गाळले यापेक्षा, जे गाळले ते पुढे कोठे गेले, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते. चांगल्या रूपांतरात मूळ कृतीतील एखादा प्रश्न नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या पात्राकडे, दुसऱ्या प्रसंगाकडे, कधी कधी कॅमेऱ्याकडे सरकतो. त्याचा माग काढणे हे समीक्षेचे काम आहे.

या दृष्टीने 'उगेत्सु मोनोगातारी' हा चित्रपट अभ्यासण्याजोगा आहे. दाइएई या चित्रसंस्थेने निर्मिलेल्या या चित्रपटाला १९५३ च्या व्हेनिस महोत्सवात रौप्यसिंह हा पुरस्कार मिळाला. त्याआधी दोन वर्षे, १९५१ मध्ये, कुरोसावांच्या 'राशोमोन'ने तेथेच सुवर्णसिंह पटकावला होता. नट मासायुकी मोरी, नटी माचिको क्यो, छायालेखक काझुओ मियागावा आणि संगीतकार फुमिओ हायासाका ही मंडळी दोन्ही चित्रपटांत समान आहेत. पश्चिमेकडील समीक्षकांनी 'उगेत्सु'चे स्वागत मुख्यतः त्याच्या दृश्यसौंदर्यासाठी केले. मिझोगुची समजून घेण्यासाठी जपानी भाषा येण्याची गरज नाही, दृश्यरचनेची भाषा कळली की पुरे, अशा आशयाची भूमिका जाक रिव्हेत यांनी १९५८ मध्ये मांडली. ती महत्त्वाची असली तरी तिच्यामुळे एक प्रश्न मागे पडला. या सौंदर्याची किंमत चित्रपटातील कोणते पात्र मोजते, आणि ते पात्र त्याबद्दल बोलते काय? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

२. मूळ संहिता : आकिनारींच्या दोन कथा

उएदा आकिनारी (१७३४–१८०९) यांचा जन्म ओसाकाचा. व्यापारी कुटुंबात दत्तक गेलेल्या या लेखकाने पुढे वैद्यकी केली; प्राचीन जपानी वाङ्मयाचा व्यासंग केला आणि मोतोओरी नोरिनागा यांच्यासारख्या विख्यात पंडिताशी वादही घातला. 'उगेत्सु मोनोगातारी' या संग्रहाची प्रस्तावना १७६८ ची असून तो १७७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नऊ कथा आहेत. 'उगेत्सु' म्हणजे पाऊस आणि चंद्र. 'मोनोगातारी' म्हणजे कथा, आख्यान. या कथांपैकी अनेकींची मुळे चिनी आणि जुन्या जपानी कथासाहित्यात आहेत. आकिनारी स्वतःच रूपांतरकार होते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावयास हवी. 'मूळ संहिता' असा शब्द आपण वापरतो, परंतु ती संहिताही कोणाचे तरी रूपांतरच आहे.

चित्रपटात घेतलेली पहिली कथा 'आसाजी गा यादो', म्हणजे रानगवतातले घर. शिमोसा प्रांतातील मामा या गावचा कात्सुशिरो हा निष्काळजी स्वभावाचा माणूस आहे. शेतीचा त्याला कंटाळा आणि त्यापायी घराची संपत्ती ओसरलेली. रेशमाच्या व्यापारात नशीब काढावे म्हणून तो राजधानीकडे निघतो आणि शरद ऋतूत परत येईन असे पत्नी मियागीला वचन देतो. काळ पंधराव्या शतकाच्या मध्यातील यादवीचा आहे. परतीच्या वाटेवर तो लुटला जातो, गाव उद्ध्वस्त झाल्याचे ऐकून पत्नी मेली असे गृहीत धरतो, ओमी प्रांतात आजारी पडतो आणि तेथेच रमतो. सात वर्षांनी तो घरी येतो तेव्हा मियागी त्याची वाट पाहत असते. दोघे रात्री बोलत राहतात. सकाळी तो जागा होतो तो छप्पर उडालेल्या, गवताने वेढलेल्या पडक्या घरात. तेथे मियागीची समाधी आहे आणि तिच्या हस्ताक्षरातील एक कविता. तो येईल या आशेनेच मला फसविले आणि आजवर जगविले, असा तिचा आशय आहे.

दुसरी कथा 'जासेई नो इन', सर्पिणीच्या वासनेची कथा. तिचे मूळ श्वेतसर्पिणीच्या चिनी कथेत आहे. किई प्रांतातील तोयोओ हा काव्यशास्त्रात रमणारा तरुण पावसात भेटलेल्या मानागो नावाच्या सुंदरीच्या मोहात पडतो. तिने दिलेली तलवार देवस्थानातून चोरलेली निघते आणि तोयोओला अटक होते. त्याने पुढे दुसरीशी विवाह केल्यावर ही सर्पिणी त्या पत्नीच्या अंगात शिरते. अखेर दोजोजी मंदिराचा भिक्षू तिला पकडून भिक्षापात्रात कोंडतो आणि पात्र जमिनीत पुरले जाते. या कथेत मानागो ही शेवटपर्यंत अमानुष शक्तीच राहते. तिच्यापासून सुटणे हेच तोयोओचे प्रौढ होणे होय.

या दोन कथांच्या स्वरूपातील भेद लक्षणीय आहे. पहिलीतील स्त्री मानवी, एकनिष्ठ आणि पीडित आहे. दुसरीतील अमानुष, आक्रमक आणि दंडनीय. आकिनारींनी त्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवल्या. मिझोगुचींनी त्या एकाच पुरुषाच्या आयुष्यात आणून ठेवल्या. चित्रपटातील पुढचे सारे बदल या एका निर्णयातून उद्भवले आहेत.

३. पटकथा : तीन कथांची एक वीण

मात्सुतारो कावागुची आणि योशिकाता योदा यांनी लिहिलेली पटकथा सोळाव्या शतकाच्या अखेरच्या यादवीत घडते. स्थळ बिवा सरोवराकाठचा ओमी प्रांत, म्हणजे मूळ कथेतील कात्सुशिरो जेथे घर विसरून राहतो तोच प्रांत. गेंजुरो (मासायुकी मोरी) हा कुंभार आहे. युद्धामुळे मातीच्या भांड्यांना भाव आला असून त्याला पैशाची चटक लागली आहे. त्याचा आप्त तोबेई (एइतारो ओझावा) याला सामुराई होण्याचे वेड आहे. गेंजुरोची पत्नी मियागी (किनुयो तानाका) आणि तोबेईची पत्नी ओहामा (मित्सुको मितो) या दोघींना नवऱ्यांनी घरी राहावे, एवढेच हवे आहे.

तोबेईचे उपकथानक मोपासाँच्या १८८३ मधील 'देकोरे!' या कथेवरून सुचले. सन्मानपदकासाठी झुरणाऱ्या एका गृहस्थाला पत्नीच्या प्रियकराच्या वशिल्याने ते पदक मिळते आणि तो धन्य होतो, अशी ती उपरोधिक कथा आहे. पटकथेने तिच्यातील विनोदाचा बराचसा अंश काढून टाकला; पतीचा सन्मान आणि पत्नीची अप्रतिष्ठा ही जोडी मात्र कायम ठेवली. तोबेईला सन्मान मिळतो तो एका सेनापतीचे छिन्न मस्तक चोरून. त्याच सुमारास सैनिक ओहामावर बलात्कार करतात आणि तिच्या अंगावर नाणी फेकून निघून जातात.

मिझोगुचींनी योदांना लिहिलेल्या पत्रात, युद्ध राज्यकर्त्याच्या स्वार्थातून उद्भवो वा सार्वजनिक कारणातून, त्याचे नाव घेऊन येणारी हिंसा सामान्य माणसाचे शरीर आणि मन कसे चिरडते, यावर भर दिला होता. १९४१–४२ मध्ये, युद्धकाळात, याच दिग्दर्शकाने 'गेनरोकु चुशिनगुरा' हा सामुराईंच्या स्वामिनिष्ठेवरील दोन भागांचा चित्रपट केला होता. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी तो सामुराई होऊ पाहणाऱ्या माणसाला चोरलेल्या मस्तकासह उभा करतो. या अंतरात जपानचा पराभव आहे, परकी सत्तेचा अंमल आहे आणि काळ्या बाजारात कमावणारी माणसेही आहेत. गेंजुरोच्या भट्टीजवळची घाई या पार्श्वभूमीवर पाहिली म्हणजे ऐतिहासिक वेषातील समकालीन आशय स्पष्ट होतो. सैन्य गावावर चालून आलेले असताना गेंजुरो जीव धोक्यात घालून भट्टीकडे धाव घेतो. त्याच्या लेखी युद्ध ही आपत्ती राहिलेली नाही. ती बाजारपेठ झाली आहे.

४. सर्पिणी ते वाकासा : अमानुषाचे मानवीकरण

ओमिझोच्या बाजारात वाकासा (माचिको क्यो) ही सरदारकन्या आपल्या वृद्ध दाई उकोनसह गेंजुरोची भांडी विकत घेते आणि ती वाड्यावर पोचवावयास सांगते. कापडाच्या दुकानात गेंजुरो मियागीसाठी वस्त्रे पाहत असतो. ती वस्त्रे पाहणारी मियागी त्याला क्षणभर समोर दिसते आणि त्याच दुकानात वाकासा त्याला न्यावयास येते. एका स्त्रीच्या कल्पनाचित्रातून दुसरी प्रवेश करते, ही योजना सूचक आहे. आपण पत्नीसाठीच कमावतो आहोत ही गेंजुरोची समजूत जेथे संपते तेथे वाकासा सुरू होते.

वाकासा त्याला जिंकते ती प्रथम रूपाने नव्हे. तिने त्याची भांडी ओळखलेली असतात. या हातातील कसब गावात कुजू नये, असे ती त्याला सांगते. आजवर त्याच्या मालाची किंमत झाली होती, त्याच्या कलेची नाही. कलावंताचा अहंकार हा लोभापेक्षा अधिक सभ्य दिसणारा मोह आहे आणि म्हणूनच अधिक धोकादायक. वाड्यातील प्रसंगांत वाकासाची रंगभूषा नो नाट्यातील मुखवट्याची आठवण करून देते. तिच्या हालचालीही त्याच शैलीच्या आहेत. नो नाट्याच्या एका प्रकारात वाटसरूला मृतात्मा भेटतो आणि आपली अपुरी राहिलेली गोष्ट सांगतो. वाकासाची घडण याच परंपरेतील आहे.

येथेच आकिनारींपासूनची सर्वांत मोठी फारकत होते. वाकासा सर्पिणी नाही. ओदा नोबुनागाने तिचे कुतुसुकी घराणे नष्ट केले आणि ती प्रेमाचा अनुभव न घेताच मेली. स्त्रीजन्माचे सुख एकदा तरी मिळावे म्हणून ती परत आली आहे. गेंजुरोच्या अंगावर भिक्षूने बौद्ध मंत्राक्षरे रेखाटून दिलेली असतात. ती दिसताच वाकासा त्याला स्पर्श करू शकत नाही आणि उकोन तिची बाजू मांडते. मूळ कथेत भिक्षूच्या सामर्थ्याने अमंगलाचा पराभव होतो आणि वाचक सुटकेचा श्वास टाकतो. चित्रपटात ती सुटका मिळत नाही. गेंजुरो भेदरून तलवार फिरवीत बाहेर पडतो. सकाळी त्याला जळक्या वाशांचे अवशेष तेवढे दिसतात. ज्या युद्धाने त्याला श्रीमंत केले त्याच युद्धाने वाकासाला मारले होते, हे त्याच्या नसले तरी प्रेक्षकाच्या लक्षात येते.

मराठीत 'भूत' या शब्दाला दोन अर्थ आहेत : मृताचा अतृप्त आत्मा आणि होऊन गेलेला काळ. या चित्रपटाच्या संदर्भात हे दोन्ही अर्थ एकवटतात. वाकासा भिववीत नाही. तिच्या रूपाने होऊन गेलेली गोष्ट आपला हिशेब मागावयास येते. आकिनारींची मानागो दंडनीय होती, मिझोगुचींची वाकासा फिर्यादी आहे. तिला जमिनीत पुरण्याचा अधिकार आता कोणालाही उरलेला नाही.

५. ओहामा : उच्चारलेली तक्रार

तोबेई घोड्यावर बसून, अनुयायांसह, एका वेश्यागृहात शिरतो. आपल्या पराक्रमाची बढाई मारीत असतानाच पैसे न देता निघालेल्या गिऱ्हाइकाशी भांडणारी ओहामा त्याला दिसते. या भेटीत ओहामा पतीला धारेवर धरते. तुझ्या वर चढण्याची किंमत माझ्या खाली पडण्याने चुकती झाली आहे, असा तिच्या बोलण्याचा रोख आहे. आता तूही गिऱ्हाईक हो आणि माझ्याच पैशांचा भागीदार हो, असे ती उपरोधाने सुनावते. सबंध चित्रपटात पुरुषाच्या तोंडावर मांडलेला हा एकमेव स्पष्ट जमाखर्च होय. पडद्यावर तोबेईची शस्त्रास्त्रे आणि ओहामाची भडक वस्त्रे समोरासमोर येतात. दोन्ही युद्धाने दिलेले पोशाख आहेत.

या उपकथानकाच्या शेवटाविषयी मिझोगुची आणि निर्मितिसंस्था यांच्यात मतभेद होते. तोबेईने महत्त्वाकांक्षेच्याच मार्गाने पुढे जात राहावे, असा अधिक कठोर शेवट दिग्दर्शकाला हवा होता. तो मोपासाँच्या उपरोधाला अधिक जवळचा ठरला असता. पूर्ण झालेल्या चित्रपटात मात्र तोबेई शस्त्रे फेकून देतो आणि दोघे गावी परततात. या बदलामुळे ओहामाची तक्रार बोथट होते, हे मान्य करावे लागते. तिने एवढे सुनावल्यानंतर काही दृश्यांतच ती पुन्हा घरकामाला लागलेली दिसते; मधल्या काळात तिच्या मनात काय घडले ते आपल्याला कळत नाही. चित्रपटाची ही उणीव आहे. तिचे समर्थन करण्यापेक्षा ती नोंदविणे योग्य.

६. मियागी : न उच्चारलेली तक्रार

चित्रपटाच्या आरंभी गेंजुरो मियागीला नवे वस्त्र आणून देतो. तिला वस्त्राहून त्यामागील माया मोलाची वाटते. सरोवर ओलांडताना धुक्यातून मरणासन्न नावाडी भेटतो, चाच्यांची वार्ता देतो आणि गेंजुरो पत्नीला व मुलाला काठावर उतरवून पुढे जातो. दहा दिवसांत परत येतो म्हणणाऱ्या पतीकडे पाहत ती काठाने चालत राहते. पुढे भुकेलेले सैनिक तिच्याजवळचे अन्न हिसकावतात आणि त्यांच्यातील एक जण तिच्यावर भाला चालवितो. मूल पाठीवर असताना ती काठी टेकीत काही पावले चालते. हे सारे मिझोगुची दुरून, वरून, अखंड दाखवितात. मागे तेच सैनिक त्या अन्नासाठी झोंबताना दिसतात. मारणारेही भुकेने मरत आहेत, हे एकाच चौकटीत सांगितले जाते.

गेंजुरोचे घरी परतणे हा चित्रपटाचा कळस मानला जातो. तो अंधारलेल्या घरात शिरतो. चूल विझलेली आहे. मियागीला हाका मारीत तो मागच्या दाराने बाहेर पडतो आणि घराला वळसा घालतो. कॅमेरा आतच राहून त्याच्याबरोबर वळतो. तो पुन्हा पुढच्या दाराशी येतो तेव्हा, त्याच अखंड दृश्यात, चूल पेटलेली असते आणि मियागी तिच्याजवळ बसलेली असते. येथे छायाचित्रणाची कोणतीही उघड करामत नाही. चित्रपटातील सुमारे ७० टक्के दृश्ये आपण क्रेनवरून टिपल्याचे मियागावा यांनी सांगितले आहे. परंतु येथे कॅमेऱ्याचे एक साधे वळणे जिवंत आणि मृत यांच्यातील अंतर पुसून टाकते.

या प्रसंगाचे वेगळेपण भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत नेमके सांगता येते. भरताने करुण आणि विप्रलंभ यांत भेद केला आहे. विप्रलंभात पुनर्भेटीची अपेक्षा शिल्लक असते, करुणात ती संपलेली असते. आकिनारींच्या कथेत वाचक कात्सुशिरोच्या बरोबरीने चालतो. रात्री विरह संपला असे त्यालाही वाटते आणि सकाळी विप्रलंभाचा करुण होतो. त्या क्षणी अद्भुताचा स्थायिभाव असलेला विस्मय प्रबळ असतो. मिझोगुचींनी भाल्याचा वार प्रेक्षकाला आधीच दाखविला आहे. म्हणून ती रात्र गेंजुरोसाठी विप्रलंभाचा शेवट असते, तर प्रेक्षकाच्या मनात तोवर करुण शिरलेला असतो. निजलेल्या पती-पुत्राजवळ बसून मियागी शिवणकाम करते, तेव्हा विस्मयाला जागाच उरत नाही. शोक तेवढा उरतो. अद्भुताला भीतीपासून सोडवून करुणाच्या सेवेला लावणे, ही या चित्रपटाची खरी सिद्धी आहे.

परंतु याच प्रसंगात एक गोष्ट हरवली आहे. आकिनारींची मियागी पतीसमोर आपले दुःख बोलून दाखविते, आणि मागे ठेवलेल्या कवितेत आशेलाच फसवी ठरविते. तिचा शेवटचा शब्द तिच्या स्वतःच्या हस्ताक्षरात आहे आणि त्यात बोच आहे. चित्रपटातील मियागी पतीला काही विचारत नाही. तो आपली चूक कबूल करू लागतो तेव्हा ती त्याला थांबविते, जेवू घालते, निजविते. सकाळी गावचा प्रमुख येऊन ती मेल्याचे सांगतो. शेवटी गेंजुरो चाकावर बसलेला असताना तिचा आवाज ऐकू येतो. मी तुझ्याजवळच आहे, तू आता माझ्या मनासारखा झालास, असा त्याचा आशय. आकिनारींकडील फिर्याद येथे क्षमेत परिवर्तित झाली आहे. पुरुषाला शहाणपण येते, त्याची कला शुद्ध होते आणि ज्या स्त्रीच्या मरणाने हे घडले तीच त्याला शाबासकी देते. या शेवटाने अनेकांचे डोळे पाणावले आहेत. तथापि तो निर्दोष आहे काय, हे विचारावयास हवे.

७. आवाज आणि कॅमेरा

या प्रश्नाची दोन उत्तरे संभवतात. पहिले असे की, मिझोगुचींनी येथे परंपरागत सोशिक पत्नीच्या प्रतिमेला शरण जाऊन आकिनारींपेक्षा एक पाऊल मागे घेतले. या उत्तरात तथ्य आहे. दिग्दर्शकाच्या इतर चित्रपटांतही स्त्रीचा त्याग हा पुरुषाच्या उद्धाराचे साधन होतो, असा आक्षेप घेतला जातो. 'सानशो दायू' (१९५४) मध्ये भावाच्या सुटकेसाठी बहीण जलसमाधी घेते, हे उदाहरण येथे आठवेल.

दुसरे उत्तर चित्रपटाच्या समग्र रचनेतून मिळते. मियागीकडून काढून घेतलेली तक्रार चित्रपटाबाहेर गेलेली नाही. तिचा एक भाग वाकासाने उचलला : युद्धाने माझे आयुष्य अपुरे ठेवले. दुसरा भाग ओहामाने उचलला : तुझ्या महत्त्वाकांक्षेने माझे आयुष्य मोडले. आकिनारींच्या मियागीने हे दोन्ही आरोप एकटीने, पुरते न उच्चारता, कवितेत सामावले होते. चित्रपटाने ते सुटे करून दोन स्त्रियांना वाटून दिले. त्यामुळे मियागीची शांती ही स्वतंत्रपणे पाहण्याची गोष्ट राहत नाही. तिचा आवाज ऐकताना ज्या प्रेक्षकाच्या कानात वाकासा आणि ओहामा शिल्लक आहेत, त्याला ते सांत्वन पुरत नाही. शिवाय त्या आवाजातही एक बारीक काटा आहे. तू मनासारखा झालास खरा, पण आता मी या जगात नाही, हे ती सांगतेच. गेंजुरोच्या शहाणपणाला उशीर झाला आहे, एवढा आकिनारींचा अंश तेथे टिकून आहे.

निर्णायक साक्ष मात्र कॅमेऱ्याची आहे. चित्रपट गेंजुरोच्या चाकावर किंवा भट्टीवर संपविता आला असता. तसे झाले असते तर कलावंताची परिपक्वता हाच त्याचा अंतिम अर्थ ठरला असता. कॅमेरा त्याला तेथेच सोडतो. लहानगा गेनिची जेवणाचे भांडे घेऊन आईच्या थडग्याकडे जातो, ते तेथे ठेवतो, हात जोडतो. मग कॅमेरा हळूहळू वर चढतो आणि पलीकडील शेते व तेथे राबणारी माणसे दिसू लागतात. चित्रपटाचा आरंभही अशाच निसर्गदृश्यावरून गावाकडे उतरणाऱ्या कॅमेऱ्याने झाला होता. आरंभी कॅमेरा उतरला तो बाजाराला निघालेल्या माणसांपाशी. शेवटी तो चढतो तो थडग्यापासून. वर्तुळ पूर्ण झाले आहे, पण त्यातील एक माणूस कमी आहे. आवाज म्हणतो, मी येथेच आहे. चित्र दाखविते, ती जमिनीखाली आहे. या दोन विधानांत दिग्दर्शक निवाडा करीत नाही. तो प्रेक्षकाला करावा लागतो.

स्नानाच्या प्रसंगातही हीच पद्धत दिसते. गेंजुरो आणि वाकासा उष्णोदकाच्या कुंडात असताना कॅमेरा त्यांच्यापासून दूर वळतो, जमिनीवरून सरकत जातो आणि रेषांकित वाळूवरून हिरवळीवर बसलेल्या त्याच जोडप्यापाशी येतो. सुख एवढे सलग आहे की त्यात काळ किती गेला हे कळत नाही. पहिल्यांदा पाहणारा या दृश्याने मोहरून जातो; दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला त्या हरवलेल्या काळात मियागी कोठे होती हे आठवते. म्हणूनच रिव्हेत यांच्या विधानाला एक पुरवणी जोडावीशी वाटते. दृश्यरचनेची भाषा समजणे म्हणजे तिचे सौंदर्य अनुभवणे एवढेच नव्हे. संवाद जे झाकतात ते दृश्य उघडे करते काय, हे तपासणेही त्यात येते.

८. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) 'उगेत्सु मोनोगातारी' या चित्रपटाने आकिनारींच्या दोन भिन्न प्रकृतीच्या कथा एका पुरुषाच्या आयुष्यात गुंफल्या. त्यामुळे अमानुष स्त्री आणि पीडित स्त्री हा मूळ संहितेतील भेद नाहीसा झाला. वाकासा आणि मियागी या दोघीही युद्धाच्याच बळी ठरल्या.

२) मृत पत्नीची तक्रार मूळ कथेत तिच्या कवितेत होती. चित्रपटात ती वाकासा व ओहामा यांच्यात विभागली गेली आणि मियागीच्या वाट्याला सांत्वनाचा स्वर आला. ही फेरवाटणी चित्रपटाचे बळ आहे तशीच त्याची मर्यादाही आहे. ओहामाच्या कथेच्या शेवटात ती मर्यादा अधिक उघड होते.

३) वार आधी दाखवून मिझोगुचींनी अद्भुताचा केंद्रबिंदू विस्मयाकडून शोकाकडे नेला.

४) शेवटचा आवाज क्षमा करतो, शेवटचे दृश्य थडग्यावरून उठते. या दोहोंतील ताण न सोडविता चित्रपट संपतो, आणि त्याचे नैतिक मोल या न सुटलेल्या ताणात आहे.

रूपांतरित चित्रपट शिकविताना विद्यार्थ्यांसमोर ठेवता येईल असा एक प्रश्न यातून हाती लागतो. मूळ कृतीत जे पात्र बोलत होते ते चित्रपटात गप्प का झाले, आणि त्याचे बोलणे आता कोणाच्या तोंडी आहे? गेंजुरोचे भांडे शेवटी सुंदर उतरते, यात शंका नाही. ते पाहताना चूल कोणी पेटविली होती याचा विसर पडू नये, एवढेच.